आक्काची डावी खोली

वरवंडला हायवेच्या कडेला एक बंद पडलेलं खताचं दुकान होतं. त्याच्या पडवीत मी शिलाई मशीन टाकलं होतं आणि पडवीच्या पायरीशी गिताबाई पोतं अंथरून पालेभाजी विकायला बसायची. मेथी, शेपू, चुका, तांदुळजा, हिवाळ्यात करडई. आमची घरंही एकाच वस्तीत होती, बुद्धविहाराच्या मागच्या आळीत. ती माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचे. तिचा नवरा हौसराव दौंड स्टेशनात पार्सलची हमाली करायचा, म्हणून तो माझा दाजी. दीक्षा नावाची त्यांची एक मुलगी होती, शाळेत जाणारी.

मी फटकळ. गिऱ्हाईक बाईनं ब्लाऊजचं माप चुकलं म्हटलं की मी तिच्या तोंडावर सांगायचे, माप तेच आहे, बाई वाढलीय. आक्काचं उलटं. ती कुणाशी भांडली नाही, भाव करताना तिनं आवाज चढवला नाही, आणि दुपारी तर ती जागेवर असूनही नसायची. ऊन पडवीच्या पत्र्यावर आलं, सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज एकसारखा झाला, की तिचे डोळे अर्धे मिटायचे. तशा गुंगीतच तिचा हात तांब्यात जायचा आणि जुड्यांवर पाणी शिंपडायचा. मी मशीन थांबवून विचारायचे, "आक्का, कुठं पोचलीस?"

"नदीवर," ती म्हणायची. "पाण्यावर लई धुकं हाय गं ललिता. पलीकडचं काय दिसंना."

"मग तिथंच ऱ्हा. पण आधी त्या बाईला शेपू दे, कवापासून उभी हाय."

ती हसायची आणि जुडी पुढं करायची. हसतानाही तिला दम लागायचा. पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याचा चढ चढली की ती मध्येच थांबायची आणि छातीवर हात ठेवून म्हणायची, आत पाखरू फडफडतंय. आम्ही सगळ्यांनी ते थकव्यावर घातलं. कारगिलची लढाई झाली त्या वर्षीच्या थंडीत एकदा ती खोकली आणि पदराला लाल डाग पडला. तिनं तो दुमडून आत खोचला. मी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मशीन न उघडता तिला गावातल्या डॉक्टरांकडं ओढत नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले, आणि म्हणाले, शिरूरला जा. तिथं गुरुवारी पुण्याचे हृदयाचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडं आतलं चित्र दाखवणारं यंत्र आहे.

आम्ही तिघं गेलो. चौफुल्याहून एस.टी. पकडली. पारगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली भीमेवर खरंच धुकं होतं, दाट, दुधाळ, जागच्या जागी वळणारं. आक्कानं खिडकीला कपाळ लावलं आणि पूल संपला तरी मान वळवून ती मागं बघत राहिली.

तपासणीच्या खोलीत अंधार केला होता. दारावर जाड पडदा, आत एक खाट आणि निळसर उजेडाचं यंत्र. दाजी बाहेर बसला, मला आत येऊ दिलं. डॉक्टर वयानं फार मोठे नव्हते, हळू बोलायचे. त्यांनी डोक्याखाली दोन-तीन उशा रचून आक्काला डाव्या कुशीवर वळवलं, छातीला गार, चिकट मलम लावलं आणि हातातलं यंत्राचं टोक तिच्या बरगड्यांमध्ये टेकवलं. पडद्यावर पंख्यासारख्या आकारात करडं काहीतरी हलायला लागलं. मला आधी कळेचना. मग ती हालचाल ठेक्यात बसली आणि लक्षात आलं की हे आक्काचं काळीज आहे.

"हा वरचा डावा कप्पा," डॉक्टर बोटानं दाखवत म्हणाले. "फुप्फुसातून शुद्ध झालेलं रक्त आधी इथं येतं. मग या झडपेतून खाली उतरतं आणि तिथून अंगभर जातं. यांची झडप अरुंद झालीय. लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

"आला व्हता," आक्का अंधारातून म्हणाली. "आईनं विटेनं शेकलं व्हतं."

"तेव्हाच झडपेला इजा झाली असणार. पुढं रक्त नीट जात नाही, म्हणून ते इथं तुंबतं, आणि कप्पा ताणत ताणत मोठा होतो." त्यांनी पडद्यावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रेघ ओढली आणि आकडा बघितला. "बराच मोठा झालाय."

मी विचारलं, "आन् ते आत फिरतंय ते काय?"

त्या कप्प्यात काहीतरी पांढुरकं, विरळ, अगदी सावकाश गोल वळत होतं. डॉक्टर म्हणाले, ते रक्तच आहे, इतकं हळू चाललंय की असं दिसतं. आक्कानं मान उचलून पडद्याकडं पाहिलं. तिचा चेहरा त्या निळ्या उजेडात एकदम लहान मुलीसारखा झाला.

"धुकं," ती म्हणाली.

मला भीती वाटली, खरं सांगते. दुपारच्या गुंगीत ही बाई नदीवरचं धुकं बघायची, आणि ते असं तिच्या छातीत निघालं. डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हो, धुक्यासारखंच," आणि दिवा लावला.

बाहेर त्यांनी दाजीलाही सगळं समजावलं. दाजी डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी यार्डात गाड्या भरत चालल्यात, आन् पुढचा सिगनल पडंना."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी उपाय सांगितला. मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट काळजापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, झडप उघडते. छाती कापावी लागत नाही. फक्त एक अडचण होती. त्या डाव्या कप्प्याला कोपऱ्यात एक लहानसा खिसा असतो, तो छातीवरून नीट दिसत नाही. घशातून नळी उतरवून मागच्या बाजूनं बघावं लागतं. हळू चालणारं रक्त तिथं साखळून गाठ झाली असेल तर फुगा घालता येत नाही. नळीच्या धक्क्यानं गाठ सुटली आणि मेंदूकडं गेली तर माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो. गाठ असली आणि ती विरघळली नाही, तर मग छाती उघडूनच ऑपरेशन.

परतीच्या गाडीत दाजी पुढच्या बाकावर डोकं टेकून बसला होता. आक्का माझ्या कानाशी बोलायला लागली. "ललिता, घरात आमची एकच खोली. त्यातच चूल, त्यातच पाट्या, त्यातच दीक्षाचा अभ्यास. आन् माझ्या आत एवढी मोठी खोली, मला ठावंच न्हाई. कुणी आत न्हाई, नुसतं धुकं. तिला खिडकी असंल का गं?"

"खोली मोठी झाली म्हणून बंगला बांधला न्हाईस तू," मी म्हणाले. "आजार हाय तो."

"व्हय. पर बघितलीस ना कशी शांत व्हती."

शांत होती खरी. पण छाती कापायची गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती, ते पारगावच्या पुलावर कळलं. नदी आली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. "कापायचं न्हाई मला. त्या टेबलावरनं मी उठलेच न्हाई तर दीक्षाला कोण? आन् उठले तरी छातीचं हाड चिरल्यावर पाटी कशी उचलू?" तिचा हात थंडगार होता. मी तिला धीर दिला आणि मला स्वतःला काही धीर आला नाही.

पुण्याच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी घशातून नळी घालून पाहिलं. गाठ होती. खिशाच्या तळाशी, हरभऱ्याएवढी. त्यांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. रोज रात्री जेवणानंतर घ्यायची, आणि दर पंधरवड्याला दौंडला रक्त तपासायचं, पातळपणा ठरल्या मापात राहतो का बघायला. जास्त पातळ झालं तर कुठूनही रक्त वाहील, कमी झालं तर गाठ विरघळणार नाही.

"आणि पालेभाजी खायची नाही," ते म्हणाले. "मेथी, शेपू, पालक, काही नाही. त्यात असं काही असतं की या गोळीचं काम मोडतं. कळलं?"

"पालेभाजी खातच न्हाई मी," आक्का म्हणाली.

"विकता ना तुम्ही?"

"म्हणूनच न्हाई खात. इकायचा माल आपणच खाल्ला तर हातात काय ऱ्हाईल?"

मीही मान हलवली. ती खरं बोलत होती. दिवसभर तिच्या शेजारी बसायचे मी, जुडीतली एक काडी तिनं कधी घरासाठी बाजूला काढली नाही.

गोळ्या सुरू झाल्या. दाजी स्वतःच्या हातानं गोळी द्यायचा, पाण्याचा तांब्या धरून उभा राहायचा. तरी दौंडच्या तपासणीचा आकडा काही जाग्यावर येईना. एकदा रक्त एवढं पातळ की आक्काच्या हिरड्यांतून लाल पाणी आलं. डॉक्टरांनी फोनवर गोळी कमी केली. पुढच्या खेपेला रक्त इतकं घट्ट की गोळी घेतलीच नाही म्हणावं. त्यांनी गोळी वाढवली. पुन्हा पातळ. शेवटी त्यांनी विचारलं, मध्येमध्ये गोळी चुकवता का? आक्काला ते लागलं. ती त्या दिवशी पोत्यावर बसून जुड्यांकडं बघत राहिली, पाणीही शिंपडलं नाही. दाजीला तर रडू फुटायचं बाकी होतं.

तीन-चार महिन्यांनी पुन्हा नळी घातली. गाठ तशीच होती. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडे दिवस बघू. या खेपेला नाही गेली तर मी वाट बघणार नाही. झडप आणखी आवळलीय. छाती उघडू, गाठ काढू, झडपही बसवू." आक्का हो म्हणाली. इतक्या सहज हो म्हणाली की मला कळलं, तिनं मनातून सोडून दिलंय. गाडीत तिनं मला सांगितलं की नळी घालण्याआधी सुई टोचली तेव्हा ती त्या खोलीत जाऊन आली. धुक्यातून चालत होती, पायाखाली गार ओली फरशी होती, आणि कोपऱ्यात कुणीतरी पाठ करून बसलं होतं. हाक मारली तरी ते वळलं नाही.

त्याच आठवड्यात बाजारात मेथी उतू गेली. चहूकडून पाट्या आल्या, भाव पडला, संध्याकाळी आक्काच्या पोत्यावर ढीगभर माल तसाच राहिला. मी दीक्षाचा शाळेचा स्कर्ट शिवला होता, तो द्यायला अंधार पडायच्या आत तिच्या घरी गेले. दारातच लसणाच्या फोडणीचा वास आला. चुलीवर मोठं पातेलं होतं आणि आक्का त्यात रवी फिरवत होती. आत हिरवं, दाट, रटरटणारं.

"काय शिजवतीस?"

"गरगट्टं."

"कशाचं?"

"उरलेल्याचं."

मी पातेल्यात डोकावले. "आक्का, ही मेथी हाय."

"मेथी हाय, चुका हाय, जे उरलं ते हाय. उद्याला पिवळं पडतं, कोण घेतंय मग?"

"तू खातीस हे?"

"मग कोण खाणार? दीक्षा तोंड वाकडं करती. ह्यांची भाकरी डब्यात, स्टेशनात; गोळी द्यायला घरी येत्यात तवर माझं जेवण झालेलं असतं. टाकू कशी? एवढं पातेलं मीच सपवते."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मला सगळं दिसायला लागलं. ज्या दिवशी माल खपायचा त्या दिवशी ती चटणी-भाकरी खायची. ज्या दिवशी खपायचा नाही त्या दिवशी पातेलंभर हिरवं. बाजार चढला की रक्त पातळ, बाजार पडला की रक्त घट्ट. आणि डॉक्टरांनी पालेभाजी खायची नाही म्हटलं तेव्हा तिनं खातच नाही म्हटलं, मनापासून म्हटलं, मीही साक्ष दिली. कारण आमच्याकडं भाजी म्हणजे सकाळी पाण्यानं न्हालेली, जुडी बांधलेली, विकायची वस्तू. संध्याकाळी उरतं ते भाजी नसतंच. ते नुसतं संपवायचं असतं.

मग मी ओरडले. वस्ती गोळा होईल एवढी ओरडले. आक्कानं रवी खाली ठेवली, पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजी मीच घातली व्हय गाठ?" ती म्हणाली. "माझ्या हातानं?"

माझा सगळा राग तिथंच सांडला. मी तिला जवळ घेतलं. गाठ आधीचीच आहे, तू फक्त तिला खाऊपिऊ घातलंस, असं काहीतरी बोलले. ती माझ्या खांद्यावर रडली आणि मीही रडले, आणि गरगट्टं करपलं.

सकाळी एस.टी.डी. बूथवरून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, आता आकडे कळले मला. पातेलं बंद, तपासणी दर आठवड्याला. पण पातेलं बंद करणं सोपं नव्हतं. मेथी उकिरड्यावर टाकायची म्हटलं की आक्का दारातूनच पाटी परत आत न्यायची. मग ठरलं, उरलेलं सगळं माझ्या घरी. मी ते शिजवायचं, आम्ही खायचं. पहिले काही दिवस माझ्या नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, मुकाट खाल्लं. मग एकदा ताटाकडं बघून त्यानं शांतपणे विचारलं, "ललिता, आपल्याला कुणी शेळ्या म्हणून पाळलंय का?" त्या दिवसांत आम्ही जेवढी मेथी खाल्ली तेवढी पुढं जन्मभर पुरावी.

आकडा जाग्यावर आला. एकदा आला, पुढच्या आठवड्यात टिकला, त्याच्या पुढच्याही टिकला. दाजी दौंडच्या तपासणीचा कागद घडी करून खिशात ठेवायचा आणि स्टेशनातल्या हमालांना दाखवायचा, त्यांना त्यातलं काही कळत नसलं तरी.

घशातल्या नळीच्या शेवटच्या तपासणीला आक्कानं 'ललितालाबी आत घ्या' असा हट्ट धरला. तिच्या घशात कडू औषध फवारलं, सुई दिली, दातांत नळीसाठी एक कडं अडकवलं. तिचे डोळे जड झाले. अंधार झाला. माझा हात तिच्या हातात होता आणि तो हळूहळू सैल पडत गेला, झोपणाऱ्या पोराचा पडतो तसा. पडद्यावर ती खोली उघडली. या वेळी मागच्या बाजूनं, अगदी जवळून. धुकं आपल्या नादात वळत होतं, येऊन भिंतीला टेकत होतं, परत फिरत होतं. यंत्राचा बारीक गुणगुणाट तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं मीही त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी आहे, आणि मोठ्यानं श्वास घेतला तरी काहीतरी बिघडेल.

डॉक्टरांनी नळी किंचित वळवली. कोपरा आला. तो खिसा दिसला, नखासारखा वाकडा, काळा. ते बघत राहिले. पुन्हा वळवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. पुन्हा तिसऱ्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं सोडून दिलं, माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

"कोपरा मोकळा आहे," ते म्हणाले.

मी अंधारात तोंडात पदर कोंबून रडले. आक्का गाढ गुंगीत होती, तिला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीतून नळी घालून फुगा फुगवला. मी बाहेर बाकावर बसले होते. काम झाल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं आणि छातीवरून पुन्हा एकदा दाखवलं. झडप दोन्ही बाजूंना उघडत होती, दार ढकलावं तशी. खोलीत धुकं नव्हतं. नुसतं काळं, स्वच्छ, आणि त्यातून रक्त सरळ खाली उतरत होतं. आनंद झालाच. तरी क्षणभर चुकल्यासारखं झालं, एवढे दिवस तिच्याबरोबर मीही तिथं जात होते.

दाजीला रजा मिळाली नव्हती. तो दुपारची गाडी पकडून दौंडहून निघाला आणि भेटायच्या वेळेला वॉर्डात पोचला, अंगावर अजून हमालाचा लाल सदरा. मी खाटेशेजारी स्टुलावर होते. तो दारातून आत आला, आक्काकडं पाहिलं, आणि जागीच थांबला. आक्का उताणी झोपली होती. डोक्याखाली एक पातळ उशी, चादर गळ्यापर्यंत, हात दोन्ही बाजूंना. तोंड किंचित उघडं. तो भिंत धरून खाली बसला आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही.

मी धावले. "दाजी, झोपलीय ती. नुसती झोपलीय. फुगा झाला, समदं चांगलं झालं."

त्याला ते खरं वाटेना. तो खाटेपर्यंत सरकत आला आणि तिच्या नाकापुढं हात धरून बसला. बराच वेळ धरून बसला. मग म्हणाला, "ही आडवी झाली न्हाई गं ललिता. दीक्षा झाल्यापास्नं ही कवा आडवी झाली न्हाई. आडवी झाली की गुदमरती. भिताडाला टेकली तर गार लागतं म्हणून मी बसतो, आन् ही माझ्या पाठीला पाठ लावून झोपती. रोज."

मी त्याच आळीत राहत होते. मला हे माहीत नव्हतं. आक्कानं नदी सांगितली, खोली सांगितली, हे तेवढं सांगितलं नव्हतं. रात्रभर बसून काढायची आणि सकाळी दौंडला जाऊन पार्सलं उचलायची, असं या माणसानं किती वर्षं केलं असेल याचा हिशोब माझ्या डोक्यात बसेना.

आवाजानं आक्का जागी झाली. तिनं डोळे उघडले, छताकडं बघितलं, मग मान वळवून त्याला पाहिलं. उठायला गेली नाही. तिनं आधी एक श्वास घेतला, पूर्ण, आणि तो सोडला. मग पदरानं नव्हे, चादरीच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "आता तुम्ही बी जरा आडवं व्हा की."

नर्स काहीतरी बोलायला पुढं आली होती, मी तिला हातानं थांबवलं. दाजीनं खांद्यावरचा टॉवेल फरशीवर टाकला, खाटेच्या कडेला, आक्काचा हात पोचेल एवढ्या अंतरावर, आणि तो पाठीवर झोपला. दोन मिनिटांत घोरायला लागला. भेटायची वेळ संपली तरी त्याला कुणी उठवलं नाही.